राजीनामा देण्याआधी कॅलेंडर उघडा

ठाणे-नवी मुंबईत शिक्षकाला नोकरीची शाळा बदलायची तर पहिला घोळ तारखांचा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये उघडतं, राज्य मंडळाचं जूनच्या मध्यावर. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या सेवाशर्तींनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची. म्हणजे एप्रिलमध्ये रुजू व्हायचं, तर कायम शिक्षकाचा राजीनामा डिसेंबर संपायच्या आत द्यायला हवा. मार्चमध्ये नवी ऑफर आली की नोटिशीचे पैसे भरून सुटावं लागतं, आणि तिथेच नव्या पगारवाढीचा फायदा जिरतो. राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर सही आणि तारीख. एक रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, दुसरी जपून ठेवा.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे साधारण पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर सोडताना मिळणाऱ्या रकमेचं गणित तर बहुतेकजण करतच नाहीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० असतील, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागा: वर्षाला २२,५००. पाच वर्षांचे १,१२,५०० होतात. पाचवं वर्ष भरत आलं असेल तर थोडं थांबाच.

पीएफ काढू नका, जुन्या यूएएनवरच (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) ट्रान्सफर करा. आधी जुन्या शाळेने सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. बरेच दावे तिथेच अडतात.

आणि प्रवास! ऐरोलीहून वाशीची शाळा ट्रान्स-हार्बर लोकलने सोपी. घोडबंदरची शाळा कागदावर जवळची दिसते, पण सकाळी सातच्या हजेरीसाठी एकदा कामाच्या दिवशी जाऊन बघा.