ऑक्टेव्हमध्ये वर्तुळ काढताना
मॅटलॅब किंवा ऑक्टेव्ह या गणिती संगणक-प्रणालींमध्ये वर्तुळ बिंदूंतून घडवावे, असे मला मनापासून वाटते, कारण ‘प्लॉट’ ही आज्ञा मुळात दिलेले बिंदू क्रमाने सरळ रेषांनी जोडण्याचेच काम करते. समान अंतरावरच्या संख्या देणाऱ्या ‘लिनस्पेस’ या आज्ञेने 0 ते 2π (म्हणजे एक पूर्ण फेरी) या मर्यादेत 100 कोन घ्यावेत आणि त्यांच्या कोसाइनला क्ष व साइनला य मानावे, की वर्तुळ उमटते. कोन 5 च घेतले, तर पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असल्यामुळे कोपऱ्यावर उभा असलेला चौरस मिळतो. 4 घेतले, तर समभुज त्रिकोण. बहुभुज आणि वर्तुळ यांचे नाते इतके स्पष्ट क्वचितच दिसते! वर्तुळ चपटे दिसल्यास गणित तपासत बसू नये. दोष अक्षांच्या असमान प्रमाणाचा असतो आणि तो ‘अ‍ॅक्सिस इक्वल’ लिहिताच दूर होतो.