शेपटीजवळचा डाग

काल रात्री गॅरेजमधल्या ट्यूबलाइटखाली सर्फबोर्डाच्या, म्हणजे समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायच्या फळीच्या, शेपटीजवळचा तपकिरी डाग पुरता नाहीसा झाला होता. आज सकाळी इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, सांताक्रूझचे धुके विरल्यावर बोर्ड अंगणात आणला, तर डागाच्या जागी हिरवट झाक असलेला एक चौकोन उठून दिसत होता. अनिकेत दात घासता घासता म्हणाला, "बाबा, आधीचं बरं होतं."

तेव्हापासून मन खट्टू आहे. तीन आठवडे मी काय केले, हे कोणी विचारत नाही.

१९६० च्या दशकातला हा साडेनऊ फुटी बोर्ड, आतला फोम आणि वरचे रेझिन (घट्ट होऊन कडक बनणारा राळेसारखा लेप) दोन्ही उन्हाने पिवळे पडल्यामुळे, आता जुन्या पोथीच्या रंगाचा झाला आहे. दादाची दुरुस्ती मात्र त्याहून गडद, कारण आत शिरलेले खारे पाणी वाळू देण्याचा धीर त्याला नव्हता. (धीर त्याला कशाचाच नव्हता, पण ते असो.) मी त्याचा थर काढून फोम वाळवला, ओल गेली, डाग राहिला. तो थर घासताना रेझिनमध्ये अडकलेला ब्रशचा एक केस दिसला. हात क्षणभर थबकला आणि पुन्हा घासू लागला. आधीचे बरे होते, ते नेमके कोणासाठी?

मग रेझिनमध्ये पांढरा रंग, काडीच्या टोकाएवढा पिवळा आणि जुनेपणा यावा म्हणून किंचित काळा मिसळला. पिवळ्यात काळा पडला की हिरवट छटा येते, हे शाळेत चित्रकलेच्या तासालाच शिकलो होतो. शिवाय हे नवे रेझिनही आपल्या गतीने पिवळे पडणार, म्हणजे आज साधलेला मेळ पुढे टिकेलच असे नाही.

त्या काळचे कारागीरसुद्धा फोममधले दोष झाकायला बोर्डावर गडद रंगाचे अपारदर्शक पट्टे ओढत असत, हे आठवल्यावर थोडे हसू आले. तळहाताएवढे ठिगळ लपवण्यासाठी चांगली हातभर जागा रंगवायची, हा उपाय आमच्या घराण्याला शोभणारा आहे. संध्याकाळी दोन्ही कडांपर्यंत मास्किंग टेप लावून अनिकेतला विचारले, पट्टा कोणत्या रंगाचा असावा?

त्याने बोर्डाकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "तपकिरी."