कासचा तेरडा, अजिंठ्याची भिंत आणि कॅमेऱ्याचा आकार

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा न्यावा, असं विचारलं की उत्तरं हमखास सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपपासून, सुरू होतात. फुल फ्रेम घ्या, बाकी सगळी तडजोड. मला हे पटत नाही. कासच्या फुलांपुरतं बोलायचं तर सेन्सरच्या आकाराला लोक देतात तेवढं महत्त्व नाही, आणि फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवता याला मात्र लोक देतात त्याच्या कितीतरी पट महत्त्व आहे.

आधी मापं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. क्षेत्रफळ काढून बघा, फुल फ्रेम हा मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट भरतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) आणि शटर स्पीड तेच ठेवले तर चौपट प्रकाश, म्हणजे दोन स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). एपीएस-सीच्या तुलनेत हाच फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास राहतो.

आता ‘अ‍ॅपर्चर तेच’ ही अट बघा. सीतेची आसवं हे फूल करंगळीच्या नखाएवढं. त्याचा एक झुबका पुढच्या पाकळीपासून मागच्या देठापर्यंत स्पष्ट हवा असेल तर मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/५.६ लागतो (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान आणि स्पष्ट दिसणारी खोली जास्त). तीच चौकट फुल फ्रेमवर तेवढ्याच खोलीपर्यंत स्पष्ट यायला एफ/११ लागतो. पठारावर वारा कधी थांबत नाही, फुलं डोलत असतात, त्यामुळे दोन्हीकडे शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू करता येत नाही. मग लहान सेन्सरवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० ला जे जमतं, त्यासाठी मोठ्यावर १६०० लावावा लागतो. दोन स्टॉप मिळाले आणि दोन स्टॉप गेले. दोन्ही फोटोंचे प्रिंट शेजारी ठेवले तर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, जवळपास सारखाच दिसेल. डिफ्रॅक्शनचंही, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरण्याचंही, तसंच. लहान सेन्सरवर एफ/८ च्या पुढे गेलात की धार बोथट होऊ लागते, मोठ्यावर एफ/१६ च्या पुढे. मिळणारी खोली दोन्हीकडे सारखीच.

फरक पडतो तो वजनात. मायक्रो फोर थर्ड्सचा ओएम-५ आणि त्याची ६० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स मिळून साधारण ६०० ग्रॅम. फुल फ्रेमचा निकॉन झेड ६ टू आणि १०५ मिमी मॅक्रो मिळून तेराशे ग्रॅमच्या वर. दोन्ही लेन्सना दिसणारी चौकट बऱ्यापैकी सारखी. कासला पायवाट सोडून आत शिरायचं नसतं, फुलांवर गुडघे टेकणं तर अजिबात नको. म्हणजे वाटेवर उभं राहून किंवा उकिडवं बसून, हात लांब करून, फिरणाऱ्या स्क्रीनवर बघत फोटो काढायचा. लांब केलेल्या हातात सहाशे ग्रॅम स्थिर राहतात. तेराशे ग्रॅम दहा मिनिटांत थरथरायला लागतात, आणि तो थरथराट फोटोत उतरतो.

मोठा सेन्सर वाया मात्र नाही. अजिंठ्याच्या लेण्यात जा. फ्लॅशला बंदी, उजेड अगदी मंद, आणि समोर चित्राची भिंत. भिंत सपाट असते, तिला खोली लागत नाही, त्यामुळे लेन्स पूर्ण उघडता येते. दोन्ही कॅमेऱ्यांवर एफ/२.८, १/३० आणि आयएसओ ६४०० लावलात, तर फुल फ्रेमचा फोटो मायक्रो फोर थर्ड्सच्या १६०० इतका स्वच्छ येतो. इथे ते दोन स्टॉप पूर्णपणे पदरात पडतात. लहान कॅमेराच न्यायचा असेल तर झूम घरी ठेवा आणि एफ/१.४ किंवा एफ/१.७ ची एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या, बराचसा फरक भरून निघतो. म्हणून विकत घेण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या बहुतेक फोटोंमध्ये लेन्सचं भोक लहान करावं लागतं की मोठं?

आता फाइलबद्दल, कारण कासचे सर्वात जास्त फोटो बिघडतात ते इथे. तेरड्याचा जांभळट गुलाबी गालिचा स्क्रीनवर झकास दिसतो. घरी येऊन मोठा करून बघितला तर पाकळ्यांवरच्या शिरा गायब, सगळं फूल एकाच रंगाच्या कागदातून कापल्यासारखं. होतं असं की सेन्सरच्या लाल चॅनलला (रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांत नोंदला जातो) मुळात कमी सिग्नल मिळतो आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल, करताना कॅमेरा त्याला दीडपट-दुप्पट गुणतो. ‘क्लाउडी’ लावलं तर आणखी जास्त. त्यावर ‘व्हिविड’ प्रोफाइल चढवलं की लाल चॅनल २५५ ला जाऊन आपटतो. कॅमेरा तयार करून देतो त्या जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या, वरची पायरी संपली की शिरा पुसल्या गेल्या. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, हा गुणाकार झालेलाच नसतो, त्यामुळे लाल चॅनलमध्ये वर बरीच जागा शिल्लक असते आणि शिरा परत मिळतात. कवळ्याच्या पिवळ्या फुलांचंही हेच होतं, फक्त तिथे लाल आणि हिरवा असे दोन चॅनल एकदम भरतात.

पांढरा हिस्टोग्रॅम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) यातलं काही सांगत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. मेन्यूत जाऊन लाल, हिरवा, निळा असा तिन्हींचा वेगळा हिस्टोग्रॅम चालू करा. रॉ काढत असलात तरी कॅमेरा हिस्टोग्रॅम दाखवतो तो आतल्या जेपेगचा, म्हणून प्रोफाइल ‘न्यूट्रल’ ठेवा म्हणजे तो खऱ्याच्या जवळ जातो. तेरड्यासाठी एक्सपोजर उणे २/३ स्टॉपने सुरुवात करा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटते का ते बघा. नंतर एसआरजीबीमध्ये (स्क्रीन आणि लॅबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) एक्सपोर्ट करताना पाकळ्या पुन्हा सपाट झाल्या तर एक्सपोजरला हात लावू नका. फक्त मॅजेंटाचं सॅच्युरेशन (भडकपणा) आणि ल्युमिनन्स (उजळपणा) थोडं खाली आणा. सीतेची आसवं मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत डोळ्यांना दिसतात त्याहून निळी येतात. रॉमध्ये निळ्याचा ह्यू (रंगछटा) जांभळ्याकडे थोडा सरकवला की फूल ओळखीचं दिसू लागतं.

धुक्यातही रॉच हवा. धुक्याचा हिस्टोग्रॅम मध्येच एक बारीक टेकडी, समजा रुंदीचा चौथा भाग. म्हणजे जेपेगमध्ये सगळं दृश्य ६४ पायऱ्यांत. कॉन्ट्रास्ट वाढवायला त्या ताणल्या की आभाळात पट्टे उमटतात. बारा बिट रॉमध्ये चॅनलला ४,०९६ पायऱ्या, चौदा बिटमध्ये १६,३८४. बारा की चौदा यावर वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. आयएसओ ४०० च्या वर तो फरक दिसणं कठीण. धुक्यात मीटर सगळं करडं करून टाकतो, म्हणून एक्सपोजर अधिक २/३ ते १ स्टॉप द्या.

लॉसलेस कम्प्रेस्ड रॉ असा पर्याय असेल तर तोच निवडा. २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, गुणवत्ता रतीभरही जात नाही. ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात, एका दिवसाला रग्गड. सोबत जेपेग ठेवायचं तर छोट्या आकाराचं ठेवा, घरच्यांना लगेच पाठवण्यापुरतं. जेपेगच्या जागी मिळणारं एचईआयएफ दहा बिटचं आणि आटोपशीर आहे, पण गावातल्या लॅबमध्ये ते उघडेलच असं नाही. कॅमेऱ्यातल्या फोकस स्टॅकिंगबद्दल (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम जोडण्याबद्दल) एक सावधगिरी: ओएम-५ सारख्या कॅमेऱ्यात जोडून तयार झालेला फोटो जेपेग असतो, आणि कासच्या वाऱ्यात दोन फ्रेममध्ये फूल हललं की त्याला दोन कडा येतात.

एसी गाडीतून थेट पठारावर उतरलात की लेन्सवर आतूनबाहेरून वाफ धरते. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं एसी बंद ठेवून बॅग उघडी ठेवा. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत राहू देऊ नका. पावसाळ्यात बुरशीला आठवडाही पुरतो.

प्रिंटचं गणित सोपं आहे. १२ × १८ इंचाला २४ मेगापिक्सेलची ६,००० पिक्सेलची लांब बाजू इंचाला ३३३ पिक्सेल देते. मायक्रो फोर थर्ड्सच्या २० मेगापिक्सेलची लांब बाजू ५,१८४, म्हणजे २८८. भिंतीवर टांगल्यावर या दोन प्रिंटमधला फरक शोधूनही सापडणार नाही. फक्त मायक्रो फोर थर्ड्सची चौकट ४:३ असते आणि १२ × १८ ला ३:२ लागते, म्हणून काढतानाच वर-खाली थोडी जागा सोडा. लॅबला एसआरजीबीतलं, सर्वात वरच्या क्वालिटीचं जेपेग द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पठारावर वाचवलेल्या शिरा तिथे जातील.