पाव सहा

लग्नानंतर २०२३ मध्ये जर्मनीत लाइपझिशला आले. नवरा इथलाच, त्यामुळे माझ्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं की नोकरी करायला परवानगी आहे, आणि हे ऐकून नाशिकचे सगळे म्हणाले मग काय बाई, मजा आहे तुझी. परवानगी होती हो, नोकरी कुठे होती?

आठ वर्षं गणित शिकवलंय मी. इथे शाळेत शिकवायचं तर साधारण दोन विषय युनिव्हर्सिटीत शिकलेले लागतात, वर जर्मन जवळजवळ त्यांच्याइतकी पक्की. माझं गणितात बीएस्सी आणि पुढे बीएड, म्हणजे त्यांच्या हिशेबात मी अर्धीच शिक्षिका. मग बाहेरून आलेल्यांसाठीचा इंटिग्रेशन कोर्स, ६०० तास भाषा आणि १०० तास त्यांचा इतिहास, कायदे वगैरे. तो चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या काळात मी दुकानात चार युरोची काजळपेन्सिल हातात घेऊन उभी राहायचे आणि परत ठेवून द्यायचे. नवऱ्याने एकदाही हिशेब विचारला नाही, उलट बँकेचं कार्ड माझ्याच पर्समध्ये असायचं, तरी. ज्यांनी बावीसाव्या वर्षापासून स्वतःचा पगार घेतलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

शेवटी घराजवळच्या बेकरीत मिनीजॉब मिळाला. मिनीजॉब म्हणजे २०२४ मध्ये महिन्याला ५३८ युरोपर्यंत, तेवढ्यावर आपल्याला टॅक्स कापत नाहीत. किमान वेतन तेव्हा तासाला १२.४१ होतं, म्हणजे महिन्याचे ४३ तास.

आणि दुसऱ्याच दिवशी घोळ. मॅनेजरबाई म्हणाल्या उद्या "फिर्टल झेक्स"ला ये. फिर्टल म्हणजे पाव, झेक्स म्हणजे सहा, मी मनात म्हटलं सव्वासहा, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या शहाणपणाने पाच मिनिटं आधीच हजर! दारात पंधरा माणसांची रांग, बाई एकट्या, घामाघूम. तर या भागात फिर्टल झेक्स म्हणजे सव्वापाच. पाचाचे सहा होताना पाव तास झाला म्हणून "पाव सहा". कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकातली जर्मन वेगळी. गणिताची बाई अपूर्णांकात नापास, तेही पावाच्या दुकानात. नवरा दोन दिवस हसत होता, मी रात्री रडले ते वेगळं.

बाईंनी काढलं नाही मला. वर्षभरात आठवड्याचे २५ तास झाले, मिनीजॉब संपून रीतसर नोकरी, आणि पहिली पगाराची स्लिप बघून मी खालीच बसले. इतकं कापलं? तर झालं असं होतं की लग्नानंतर आम्ही टॅक्स क्लास तीन-पाच घेतला होता, सासूबाई म्हणाल्या सगळे असंच करतात. जास्त कमावणाऱ्याला तीन, त्याला दोघांचीही मूळ सूट मिळते, आणि पाचवाल्याच्या पगारातून पहिल्या युरोपासूनच जवळपास कापायला सुरुवात. वर्षाच्या शेवटी रिटर्न भरलं की घराचा एकूण टॅक्स तेवढाच येतो, हे खरंय. पण दर महिन्याला त्याचा पगार फुगलेला दिसतो आणि बायकोचा चिमणीच्या चोचीएवढा. शिवाय बाळंतपणाचा भत्ता आणि बेकारभत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो, ते कोण सांगणार? नव्याने येणाऱ्या मुलींनो, चार-चार मागा, म्हणजे दोघांना आपापली सूट. ऑनलाइन अर्ज असतो, आम्ही संध्याकाळी जेवण झाल्यावर बसून भरला. नवऱ्याचा पगार कमी आला त्या महिन्यात आणि तो बराच वेळ स्लिपकडे बघत राहिला, मी काही बोलले नाही, चहा टाकला. (काजळपेन्सिल आणली. दोन आणल्या.)

आई फोनवर अजून विचारते, पोरी एवढी शिकलीस आणि पाव विकतेस? आई, पाव नाही, ४० प्रकारचे पाव. ती हसत नाही यावर.

आता एका बालवाडीत मदतनीस हवी आहे, मी अर्ज केला होता, काल फोन आला. सोमवारी इंटरव्ह्यूला बोलावलंय, "ड्रायफिर्टल नॉइन"ला. मी विचारलं, आठ पंचेचाळीस ना? हो म्हणाल्या. पाऊण नऊ, म्हणजे आपले पावणेनऊच की.