आमची वाटचाल : रोजच्या मुक्कामाला एक चढ

इटलीच्या मध्यभागात, तोस्काना आणि उंब्रिया या प्रांतांत, जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर बसलेली आहेत. खालचे पट्टे एकेकाळी दलदलीचे, हिवतापाचे होते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक फौज त्याच वाटेनं जायची. म्हणून माणसं वर गेली, भोवती तट बांधला, वेशी घातल्या. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ एकच. दिवसभर कुठूनही फिरा, मुक्कामाचं गाव गाठायला शेवटी चढावंच लागतं. पन्नास-साठ किलोमीटर झालेले असतात, मांड्या भरून आलेल्या असतात आणि वेशीची कमान अजून दोनशे मीटर वर दिसत असते. सायकलसहली काढणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीचे बहुतेक निर्णय या शेवटच्या चढाकडे बघून झाले आहेत. रोज किती अंतर कापायचं, कुठल्या सायकली घ्यायच्या, दुपारी काय जेवायचं, कुणाला कधी न्यायचं, सगळं त्यात आलं.

सुरुवात मात्र पुण्यातल्या पेठेत, बाबांच्या सायकलच्या दुकानात झाली. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा दुकानात भाड्याच्या सायकली ओळीनं उभ्या असायच्या. तासाचा हिशेब बाबा पाटीवर खडूनं लिहायचे. पुढं स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या, भाड्याची ओळ आटत गेली आणि दुकान पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि शाळकरी मुलांच्या सायकलींवर तगून राहिलं. दादा त्याच दुकानात वाढला. हात त्याचा आहे, कागदपत्रं आणि रस्ते माझ्याकडे. 2010च्या आगेमागे गिअरच्या सायकली शहरात दिसू लागल्या. त्या घेणाऱ्यांना विकणारे पुष्कळ होते, पण डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, नीट लावून देणारा माणूस सापडत नव्हता. दादानं ते काम उचललं, आणि गिऱ्हाइकं रविवारी सकाळी दुकानासमोर जमू लागली. बोपदेव घाटानं वर, सासवडला मिसळ, दिवे घाटानं खाली. मग महाबळेश्वर, मग कोकणचा सागरी रस्ता, मग गोवा. लोक पैसे देऊन आमच्यासोबत यायला तयार आहेत हे दिसल्यावर रीतसर कंपनी नोंदवली.

इटलीची वाट दाखवली ती नोकरीनिमित्त मिलानला गेलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्यान्ती भागातल्या गायोले गावात ‘लेरोईका’ नावाचा सायकलमेळा भरतो. त्यानं दादाला तो बघायला बोलावलं. 1997 साली सुरू झालेल्या या मेळ्यात 1987च्या आधीच्या रेसिंग सायकलीच चालतात. गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या दांड्यावर, पेडलला पट्टे, अंगात लोकरी जर्सी. त्या भागातले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, ही त्यामागची एक मोठी कळकळ. पोलादी फ्रेम हातात धरून डोळ्यांत तेल घालून चेन तपासणारी सत्तरीची माणसं बघून दादा हरखून गेला. बाबांनी आयुष्यभर जे काम केलं, त्याला तिथं लोक मान देत होते. परत आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, की आपली माणसं या रस्त्यांवर न्यायची.

पहिल्या दोन मोसमांत आम्ही सर्वांसारखेच क्यान्ती, सिएना आणि सान जिमिन्यानो फिरलो. सुंदर मुलूख आहे. पण सान जिमिन्यानोच्या मनोऱ्यांखाली दुपारी सायकल हातात धरून चालायलाही जागा नसते, आणि मला माझ्या माणसांना गर्दीत उभं करायचं नव्हतं. मी नकाशात पूर्वेकडे सरकले, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. तिकडं वळायला एक घरचं कारणही होतं.

आमचं आजोळ माणगाव तालुक्यातलं. माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. सुट्टीत एसटीनं जाताना आई तो दरवेळी दाखवायची. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच खोऱ्यातल्या लढाईसाठी. तारीख 10 जुलै 1944. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले. एकटे उरलेले यशवंतराव त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून राहिलेल्या दोघांना बंदुकीनं ठेचलं. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तिथंच पडले. वय 22. त्यांची कबर नाही. नाव आहे ते इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर.

मोंतोने हे त्या खोऱ्यातलं तटबंदीचं गाव. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पेरुजा जिंकणारा भाडोत्री फौजांचा सेनापती ब्राच्चो इथल्याच घराण्यातला. 2023 साली गावात यशवंतरावांचं स्मारक झालं, सूर्यतबकडीच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं घोषवाक्य आहे. आम्ही मोंतोनेत एक दिवस सायकल बंद ठेवतो. स्मारकापाशी भाषण, घोषणा असलं काही नसतं. ज्याला जितका वेळ उभं राहायचं आहे, तितका राहावा. त्या तटावरून खालचं खोरं बघितलं, की इतक्या उघड्या उतारांवरून चढत वर यायचं म्हणजे काय असेल, ते सायकलवर चढून आलेल्या माणसाला न सांगता कळतं.

आता आमचा मुख्य मार्ग ठरून गेला आहे. रोमहून रेल्वेनं आरेत्सो, तिथं सायकली ताब्यात. मग मोंतेर्की. त्या एवढ्याशा गावात पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं गर्भवती मेरीचं चित्र आहे. निळ्या झग्याच्या फटीवर तिनं हात ठेवलेला आहे, आणि आमच्या बायका त्या हातापुढून हलत नाहीत. तिथून आंग्यारी आणि सान्सेपोल्क्रो. या दोन गावांमधला रस्ता सपाट मैदानातून नाकासमोर जातो आणि आंग्यारीच्या टोकाला एकदम उभा होतो. 1440 साली फ्लोरेन्सच्या फौजेनं मिलानच्या फौजेला हरवलं ते याच मैदानात. पुढं लिओनार्दो दा विंचीनं ती लढाई फ्लोरेन्सच्या भिंतीवर रंगवायला घेतली आणि अर्धी सोडली. या खोऱ्यात सूर्यफूल दिसतं तसा तंबाखूही दिसतो. निपाणीकडच्या एका काकांनी शेताच्या बांधावर उतरून पान चोळून बघितलं आणि शेतकऱ्याशी खुणांनी पाऊण तास गप्पा मारल्या. असे थांबे वेळापत्रकात बसवता येत नाहीत, म्हणून वेळापत्रकच सैल ठेवलेलं आहे.

पुढं मोंतोने, उंबेर्तिदे, ट्राझिमेनो सरोवर, कोर्तोना, पिएंत्सा, आणि शेवट सिएनाला. पिएंत्साजवळ बान्यो विन्योनी या गावात चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. कुंडात उतरायला बंदी आहे, पण गावाबाहेरच्या पाटात पाय सोडून बसता येतं, आणि आठवडाभर पेडल मारल्यावर ते सुख वेगळंच असतं. सिएनात शेवटचा चढ सांता कातेरिना गल्लीचा. व्यावसायिक शर्यतीतले खेळाडू मार्च महिन्यात या गल्लीतून काम्पो चौकात येतात. चढ काही ठिकाणी 16 टक्के आहे. आमच्यातले बरेच जण सायकल हातात धरून चालत वर येतात, आणि ते मला तितकंच आवडतं.

सायकलींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चौकशी सगळ्यात जास्त त्याचीच होते. चढासाठी पुढं 34 दात आणि मागंही 34 दात, म्हणजे पायाच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी, इतका हलका गिअर आम्ही मागून घेतो. टायर 38 किंवा 40 मिलिमीटरचे, हवा थोडी कमी, म्हणजे पांढऱ्या खडीवर चाक उडत नाही. पण खरा धोका उतारावर, आणि तो ब्रेकचा. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिकडं डाव्या हाताचा. आयुष्यभराची सवय असलेला हात खडीच्या उतारावर डावा ब्रेक मागचा समजून गच्च दाबतो. डिस्क ब्रेक असेल तर पुढचं चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. म्हणून दादा आरेत्सोत पहिल्या सकाळी प्रत्येक सायकलचे ब्रेक आपल्या पद्धतीनं बदलून घ्यायचा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, असतील तर नळ्या सोडवून परत तेल भरावं लागायचं. त्यात अर्धा दिवस जायचा. भाड्यानं देणाऱ्या दुकानदाराला पहिल्या वेळी हे पटलं नव्हतं. आता तो आमच्यासाठी सायकली आधीच तशा करून ठेवतो. रस्त्याची बाजूही तिकडं उजवी. गावाबाहेर एकामागे एक चालवायचं, दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला कायद्यानं मनाई आहे. गप्पा मारत चालवणाऱ्या पुणेकरांना हे जड जातं, पण याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

जेवणाचं गणित चढाइतकंच महत्त्वाचं. तिथली खानावळ दुपारी साडेबारा ते अडीच चालते, मग साडेसातपर्यंत चूल थंड. तीन वाजता भुकेलेला घोळका गावात शिरला तर कॉफीशिवाय काही मिळत नाही. म्हणून आम्ही सकाळी लवकर निघतो, जेवणापर्यंत बरंचसं अंतर कापतो आणि चढ उन्हं कलल्यावर घेतो. मुक्काम शक्यतो शेतावरच्या घरांत. अर्धेलीची शेती मोडत गेली तशी त्या टेकड्यांवरची हजारो घरं 1950 ते 1970च्या काळात ओस पडली. पुढं 1985च्या कायद्यानं शेतकऱ्यांना पाहुणे ठेवायची रीतसर सोय करून दिली आणि त्यातली बरीच घरं पुन्हा नांदती झाली. शाकाहारी मंडळींना सूप हरभऱ्याचं आणि पास्ता लसूण-टोमॅटोचा. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे मी निघायच्या आधीच सांगते, मग ज्याचं त्यानं ठरवावं. ब्रेडमध्ये मीठ नसतं. आमची माणसं त्यावर चटणी लावून खातात आणि यजमानांनाही देतात.

पिएंत्साजवळच्या एका घरी मालकीणबाई संध्याकाळी ‘पिची’ वळत होत्या. नुसतं पीठ, पाणी, थोडं तेल. गोळा लाटून, पट्ट्या कापून, एकेक पट्टी फळीवर तळहातानं लांब करत न्यायची. आमच्यासोबत साताऱ्याच्या एक काकू होत्या. त्या काही न बोलता शेजारी बसल्या आणि लग्नघरी शेवया वळाव्यात तशा भराभर वळू लागल्या. मालकीणबाईंनी त्यांचा हात धरून स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना दाखवला. दोघींना एकमेकींच्या भाषेचा गंध नव्हता. रात्री ताटं मांडेपर्यंत त्या एकत्रच होत्या. पुढच्या मोसमात गेलो तेव्हा बाईंनी आधी काकूंचीच चौकशी केली.

2020 साली मार्चमध्ये इटली बंद झाली, पाठोपाठ आपणही. घेतलेल्या आगाऊ रकमा आम्ही हप्त्यांनी का होईना परत केल्या. त्याच वर्षी लोक सायकलींकडे वळले आणि बाबांच्या दुकानानं कंपनीला तारलं. त्याच ऑक्टोबरपासून परदेशी सहलींवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल करायचा आगाऊ कर, आला, व्हिसाची कागदपत्रंही दरवर्षी वाढतात. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान 30,000 युरोचा विमा लागतो, आम्ही त्याहून मोठा घेतो.

आमचा धंदा खऱ्या अर्थानं बदलला तो बॅटरीच्या सायकलींमुळे. युरोपात या सायकलची मोटर 250 वॅटची असते, पेडल मारलं तरच मदत करते आणि ताशी 25 किलोमीटरला थांबते. काही जुने सभासद नाराज झाले, यात कसली सायकल म्हणाले. मला ते अजिबात मान्य नाही. साठीच्या पुढची किती तरी माणसं त्या शेवटच्या चढाच्या धास्तीनं येत नव्हती. नवरा चढून जायचा आणि बायको सामानाच्या गाडीत बसून यायची. आता दोघं बरोबर वेशीतून आत शिरतात. या एका कारणासाठी मी बॅटरीचं भाडं कंपनीच्या खिशातून भरायला तयार आहे, आणि गरज पडली तेव्हा भरलंही आहे.

येत्या वसंतात ज्येष्ठांसाठी निराळा मार्ग ठेवला आहे. आरेत्सो ते क्युसी, कियाना खोऱ्यातल्या कालव्याच्या काठानं जाणारी 62 किलोमीटरची सपाट वाट. दलदल उपसून हे खोरं कोरडं केलं, त्याच कालव्याची ही वाट आहे, आणि त्यावरून चालवताना दोन्ही बाजूंना वरची गावं दिसत राहतात. मुक्काम कोर्तोनात. खालून पाचेक किलोमीटरचा चढ आहे, हवं त्याला बॅटरी आहे. तुकडी लहानच राहील, दादाच्या एका नजरेत सगळे दिसतील इतकी.

सराव दिवाळीनंतरच्या रविवारी सुरू होतो. सकाळी साडेसहाला दुकानासमोरून निघायचं, बोपदेवनं वर आणि सासवडपर्यंत. तिकडच्या पद्धतीनं ब्रेक लावलेली एक सायकलही दुकानात ठेवली आहे. ज्यांना फरक हातानं समजून घ्यायचा असेल त्यांनी आदल्या दिवशी दादाला सांगावं, म्हणजे तो उंचीप्रमाणे सीट लावून ठेवेल.