हळद जबड्याच्या सांध्यापर्यंत पोचते का?

कानाच्या भोकापुढे बोट टेकवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली गोटी सरकल्यासारखं वाटतं, तो जबड्याचा सांधा. नुसता 'कट्' आवाज येत असेल, पण दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर हळद नको, काढा नको, काहीच नको.

दुखत असेल तर आधी जागा शोधा. दात दाबल्यावर गालात जो स्नायू टणक होतो तोच ठणकत असेल आणि सकाळी जास्त, तर दुखणं बहुधा झोपेत दात आवळण्याचं. कानापुढे नेमकं बोट ठेवता येईल इतकंच दुखत असेल आणि तोंड उघडताना करकर होत असेल, तर सांध्यालाच सूज किंवा झीज असू शकते. सूज उतरवणाऱ्या वनस्पतींचं काम असलंच तर या दुसऱ्या प्रकारात.

आता हळद. उंदरांच्या जबड्यात रसायन टोचून सूज आणली की कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, ती कमी करतं, हे खरं. पण हळदपुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. सपाट चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बहुतेक रक्तात उतरतच नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा शोषण वीसपट झालं. एवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर ६५ ग्रॅमच्या वर पूड खावी लागेल. हळदीचं दूध प्या, छान लागतं. जबड्यासाठी म्हणून नको.

कॅप्सूलमध्ये हा हिशेब जमतो, पण पायपरीन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, उदाहरणार्थ फिटसाठीचं फेनिटॉइन. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

शल्लकी म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या सालईचा डिंक. त्यातली आम्लं सूज वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. माणसांवरचा अभ्यास मुख्यतः गुडघ्यांचा. जबड्याला तो लागू धरणं हा अंदाज आहे. घ्यायचीच तर जेवणासोबत, कारण ती स्निग्ध पदार्थांबरोबर जास्त शोषली जाते.

सांध्यांसाठी विकलं जाणारं ग्लुकोसामाइन खेकडा-कोळंबीच्या कवचातून काढतात. जबड्याच्या सांध्याला ते आयबुप्रोफेन या वेदनाशामकाइतकाच आराम देतं असं एका चाचणीत दिसलं, पण तिथे बिनऔषधी गोळीचा गट नव्हता. स्वीडनमध्ये तसा गट ठेवून रोज १२०० मिलिग्रॅम सहा आठवडे दिलं, तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

मिरचीतल्या कॅप्सेसिनचीही तीच गत. एका चाचणीत दुखऱ्या जबड्यावर ०.०२५ टक्क्यांचं मलम दिवसातून चार वेळा, चार आठवडे लावलं. साध्या मलमानेही तेवढंच बरं वाटलं. तरी लावणार असाल तर हातमोजे घाला आणि त्यावर शेक देऊ नका. गुडघ्याच्या मानाने इथून डोळा फार जवळ आहे. लवंगतेल दातासाठी ठीक, गालावर चोळलं तर कातडी भाजते.

निर्गुडीचा पाला गरम करून शेकतात, त्यात मला तरी निम्म्याहून अधिक श्रेय उबेचं वाटतं. गरम ओलं फडकं १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. सोबत दोन-तीन आठवडे मऊ भात, खिचडी, बारीक घास. ऊस, कणीस, कडक भाकरी बंद. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा.

गंमत म्हणजे सांध्यात नक्की पोचणारा 'नैसर्गिक' पदार्थ सुईने जातो: हायलुरॉनिक आम्ल, सांध्यातल्या वंगणाचा एक घटक. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जिवाणूंकडून बनवून घेतात.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी एक तपासा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, तिखट झोंबतं, गाल आतून पांढरट, ताठ लागतात? मग दोष सांध्याचा नसून गालाच्या आतल्या अस्तराचा असण्याची शक्यता मोठी. ती कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते, तेव्हा सुपारी त्याच दिवशी बंद करून दंतवैद्य गाठा. आणि रोजचा 'कट्' आवाज एकाएकी थांबून तोंड उघडेनासं झालं, तर सांध्यातली गादी पुढे अडकलेली असू शकते. तेव्हाही लेप लावून आठवडे घालवू नका.