बारा तास तेच, वाटणी वेगळी

कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, त्यामुळे सप्टेंबर लागला की आमच्या पुण्यातल्या क्लासमधली नोकरी करणारी मुलं कासावीस होतात. मी तिथे क्वांट, म्हणजे कॅटचं गणित, शिकवते. एका गुरुवारी लेक्चर संपल्यावर हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, निकाल घेऊन थांबली.

"मॅडम, आठवड्याला १२ तास बसते, कधी चुकवत नाही. तरी क्वांट हलतच नाही. डोकंच नाहीये बहुतेक मला."

१२ तास कमी नव्हेत. पण ते सगळे शनिवार-रविवारी, सहा आणि सहा. लेक्चर सोडलं तर मधल्या दिवसांत वही उघडत नव्हती. ती वही मी मागून घेतली. रविवारच्या पानावर पी अँड सीची (किती प्रकारे मांडता, निवडता येईल अशी) गणितं ओळीने बरोबर. त्यातलंच एक आकडे बदलून फळ्यावर घातलं: दहा एकसारखी चॉकलेटं चार मुलांना वाटायची, प्रत्येकाला किमान एक. "हे केलंय मी," म्हणाली आणि चारचा दहावा घात मांडून बसली. चॉकलेटं वेगवेगळी असती आणि किमान एकाची अट नसती, तर ते चाललं असतं. इथे दहा चॉकलेटांमधल्या नऊ फटींतून तीन निवडायच्या, म्हणजे ८४ प्रकार. चार दिवसांत रीत निसटली होती, 'केलंय' एवढंच उरलं होतं.

मग मागची पानं चाळली. प्रत्येक शनिवारची सुरुवात आदल्या रविवारचीच गणितं पुन्हा सोडवण्यात गेलेली. डोक्याचा काही दोष नव्हता.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच हे स्वतःवर प्रयोग करून मांडलंय. निरर्थक अक्षरगट एका दिवशी ६८ वेळा घोकून त्याला जे साधलं, तेच तीन दिवसांत वाटल्यावर ३८ वेळांत साधलं. हे मी तिला सांगितलं, कारण दहा तास ऑफिस करून आलेलं पोर स्वतःच्या बुद्धीला बोल लावतं, ते मला खरंच बघवत नाही.

तास वाढवायचे नाहीत, असं आधीच ठरवलं. सकाळी रोज एक तास, त्यातला अर्धा जुन्या गणितांना, तीही मिसळून. कुठल्या धड्यातलं हे वर लिहायचं नाही, पेपरातही ते लिहिलेलं नसतं.

"एका तासात काय होणार, मॅडम? आणि बुधवारी रात्री ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज असतं, गुरुवारी उठवत नाही."

मग गुरुवार सोडला. चार दिवस एकेक तास, शनिवारी चार, रविवारी चार. आरसीचे, म्हणजे इंग्रजी वाचून उत्तरं द्यायचे, उतारे कंपनीच्या बसमध्ये, ते हिशेबाबाहेर. डीआयएलआरचे, म्हणजे तक्ते-आलेख आणि तर्काच्या प्रश्नांचे, मात्र तुकडे होत नाहीत. ४० मिनिटांच्या त्या सेक्शनमध्ये कुठला सेट (एकाच माहितीवरचा प्रश्नांचा गट) सोडून द्यायचा हे कळणं हीच निम्मी लढाई, आणि ते सलग बसल्याशिवाय येत नाही. म्हणून तो शनिवारी. रविवारी दोन तासांचा मॉक आणि तितकाच वेळ त्याची चिरफाड.

ऑक्टोबरात वही पाहिली तेव्हा शनिवारची पानं नव्या कामाने सुरू होत होती. क्वांटचे मार्क चढू लागले होते. डीआयएलआर जागचं हललं नव्हतं. तिसऱ्या तासापासून तिच्या चुका वाढत होत्या, म्हणून शनिवारचेही दोन भाग केले, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन.